डाळ शिजली ते गाव

“तुमची शेगडी घटकाभर रिकामी मिळंल काय?” आईनं विचारलं.

तळसंगच्या एसटी स्टँडासमोरचा तो हॉटेलवाला किटली हातात धरून तसाच उभा राहिला. त्यानं आधी आईकडं पाहिलं, मग आप्पांकडं, मग माझ्याकडं. त्याला वाटलं असणार, लेकराचं दूध तापवायचं असेल. पण आमच्याबरोबर लेकरू नव्हतं. होते ती मी, बारावी झालेली, दोन वेण्या घातलेली घोडी.

“काय शिजवायचंय?”

“मूठभर हरभऱ्याची डाळ.”

“भूक लागली असंल तर मिसळ तयार हाय की, ताई.”

“खायाला न्हवं. बघायला.”

आप्पा घसा खाकरून दुसरीकडं बघू लागले. मी तर रस्त्यापलीकडच्या सायकलच्या दुकानाकडं असं टक लावून पाहायला लागले, की जणू ह्या बाईचा आणि माझा काही संबंधच नाही. आईला त्याचं काही नव्हतं. तिनं पिशवीतून पितळेची पातेली काढली, फडक्याची पुरचुंडी सोडली आणि वर बजावलं, “पाणी मात्र गावच्या नळाचंच द्या. बाहेरनं भरून आणलेलं चालायचं न्हाई.”

ह्या गोष्टीला आता पस्तीसेक वर्षं होऊन गेली, पण त्या हॉटेलवाल्याचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आम्ही आजऱ्याचे. आप्पा म्हणजे दत्ताराम रेडेकर, बाजारपेठेत शिवणकामाचं दुकान. मला सांगलीच्या इंजिनियरिंग कॉलेजात जागा मिळाली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटून झाले आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं, की पोरगी राहणार कुठं? मुलींच्या वसतिगृहात जागा शिल्लक नव्हती. नात्यातलं तिथं कुणी नाही. पोरीला एकटीला खोली घेऊन ठेवायची, हे त्या काळी आमच्याकडं कुणी मनातसुद्धा आणलं नसतं. सांगलीत बिऱ्हाड करणं आमच्या ऐपतीबाहेरचं. शेवटी आप्पाच म्हणाले, “सांगलीच्या आसपास एखादं बारकं गाव बघू. तिघंही जाऊ. रोज एसटीनं जाईल-येईल. माझं मशीन काय, कुठंही चालतंय.”

“तुमचं मशीन कुठंही चालतंय,” आई म्हणाली. “माझं पुरण कुठंही चालत न्हाई.”

तिचंही खरंच होतं. आजऱ्यात लग्न असो की बारसं, पुरणपोळी पार्वतीकाकूंची, म्हणजे आईचीच. तिच्या पोळीत डाळीचा एक कण दाताखाली येत नसे. बायका घरी येऊन बसायच्या, हात बघायच्या, परत जाऊन तसंच करायच्या आणि तसं व्हायचं नाही. आई म्हणायची, यात माझं काही नाही, सगळं आमच्या हिरण्यकेशी नदीच्या पाण्याचं आहे. पण म्हणताना तिचा चेहरा असा खुलायचा, की ते कुणी खरं मानू नये. आईला शाळा ठाऊक नव्हती, दागिना म्हणावा असा काही नव्हता, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तिचं नाव होतं ते त्या पुरणावर. आणि सांगलीकडच्या पाण्याबद्दल तिनं ऐकलं होतं, की त्यात डाळ तासन्‌तास रटरटते आणि शेवटी कच्चीच राहते.

तेव्हा तिनं अट घातली. ज्या गावाच्या पाण्यात डाळ शिजेल, तिथं बिऱ्हाड. नाही शिजली, तर कॉलेज राहिलं. आप्पा दबकत म्हणाले, “कुकर घेऊ की गं एखादा.” त्यावर आई म्हणाली, “कुकरात धोंडासुद्धा शिजंल. त्याला डाळ शिजली म्हणत न्हाईत.”

सोमवारी कॉलेजात जाऊन नाव पक्कं करायचं होतं आणि आज शनिवार होता. आज गाव ठरलं नाही, तर माझ्या नशिबी गडहिंग्लजला टायपिंगचा क्लास आणि वर्ष-दोन वर्षांत कुणाच्या तरी गळ्यात माळ. मला आईचा भयंकर राग आला होता. मला वाटत होतं, हिला यायचंच नाही, डाळीचं नुसतं निमित्त आहे. पोरीच्या जन्माचा निकाल ही मूठभर डाळीवर लावणार.

तळसंगला डाळ शिजली नाही. पाणी उकळून आटलं, हॉटेलवाल्यानं ते दोनदा वाढवलं, त्याच्या चहाची गिऱ्हाइकं खोळंबली. आईनं एक डाळ बोटांत धरून दाबली आणि माझ्यापुढं केली.

“बघ. मधी खडा ऱ्हायलाय.”

“आणि थोडी उकळू दे की,” आप्पा म्हणाले.

“संध्याकाळपत्तर उकळली तरी हा खडा जायचा न्हाई.”

“आमच्यात अशीच असती, ताई,” हॉटेलवाला समजुतीनं म्हणाला. “चावून खायाची.”

आईनं पातेली विसळली, पिशवीत ठेवली, त्याला हात जोडले आणि स्टँडाकडं चालू लागली. खरं म्हणजे तळसंगला आप्पांना भर रस्त्यावरचं दुकान पसंत पडलं होतं, शाळेशेजारी दोन खोल्याही होत्या. आप्पा त्या दुकानाकडं वळून वळून बघत आमच्यामागून निघाले.

पुढच्या गाडीत मी खिडकीशी बसून रडत होते. आई माझ्याशेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं एकदा माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकला. पुढच्या बाकावरून आप्पांनी मागं वळून आम्हा दोघींकडं पाहिलं आणि परत तोंड फिरवलं. आप्पा मोठ्यानं बोलणारे नव्हते. आईपुढं तर नाहीच. कापड कापताना मात्र त्यांची कात्री कधी अडखळत नसे.

सोनबर्डी हे आमच्या यादीतलं दुसरं आणि शेवटचं गाव. सांगलीपासून आणखी जवळ. स्टँडावर उतरल्याबरोबर आप्पा म्हणाले, “तुम्ही सावलीला बसा जरा. मी पान खाऊन येतो.”

ते बऱ्याच वेळानं आले.

“मिळालं पान?” आईनं विचारलं.

“मिळालं की.”

आईनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ओठ होते तसेच कोरडे होते. ती पदर खोचून उठली.

कुणीतरी अक्काताई मगदुमांचं घर सांगितलं होतं. रस्त्याला लागून दुकानाजोगी एक खोली, मागं राहायच्या दोन, आणि त्यामागं त्यांचं स्वतःचं घर. मधल्या परसात पेरूचं झाड आणि धुण्याचा दगड. अक्काताई दांडग्या बाई होत्या, हसल्या की सगळं अंग हसायचं. नवरा साखर कारखान्यात, पोरं नव्हती. घरात बोलायला माणूस नसल्यामुळं सगळं साठलेलं असावं, कारण आम्ही पायावर पाणी घेईपर्यंत त्यांनी आधीच्या बिऱ्हाडकरूची सगळी कहाणी सांगून टाकली.

“आणि ही काय शिकणार?” त्यांनी मला विचारलं.

“इंजिनियरिंग. सिव्हिल.”

“म्हंजे पूल बांधणार?”

“हो.”

“मग पहिला आमच्या ओढ्यावर बांध बाई. पावसाळ्यात चार दिवस पलीकडं जाता येत न्हाई.” असं म्हणून त्यांनी माझ्या डोळ्यांकडं नीट बघितलं. “रडलीस व्हय गं? का?”

मी डोळे पुसले. आईच पुढं झाली आणि तिनं तळसंगला विचारलं होतं तेच विचारलं, वर कारणही सांगितलं. अक्काताईंनी ते मन लावून ऐकलं. पुरण, पाणी, अट, सोमवार. ऐकताना त्यांचं हसू थोडं थोडं कमी होत गेलं.

“डाळ न्हाई शिजली तर ही शिकणार न्हाई?”

“न्हाई,” आई म्हणाली.

“चूल पेटलेलीच हाय,” अक्काताई म्हणाल्या. “ठेवा.”

आईनं स्वतः नळाचं पाणी धरलं, डाळ धुतली आणि पातेली चुलीवर ठेवली. मग अक्काताईंनी तिला खोल्या दाखवायला नेलं. आप्पा म्हणाले, “जावा तुम्ही. मी बसतो चुलीजवळ, उतू जायला नको.” थोड्या वेळानं आईनं आप्पांना हाक मारली, मशीन कुठल्या अंगाला ठेवायचं ते बघायला. आप्पा बाहेर आले तसा अक्काताईंचा पाय घरात निघाला, “चुलीत लाकूड सारून येते,” म्हणत. मी धुण्याच्या दगडावर बसून होते. आप्पा माझ्यासमोरून जाताना थांबले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या बोटांना पांढरं लागलं होतं, ते माझ्या केसांना लागलं. शिंप्याच्या बोटांना खडू असायचाच. मी केस झटकले आणि देवाचा धावा करत राहिले. आजऱ्याच्या रवळनाथाला मी त्या दिवशी काय काय कबूल केलं, ते अजून फेडते आहे.

एकाएकी आतून चर्र आवाज आला. आम्ही सगळेच धावलो.

पातेलीवर पिवळाधमक फेस चढला होता आणि तो भसाभसा उतू जाऊन चूल विझायला आली होती. आईनं पदरानं धरून पातेली खाली घेतली. फेस बसला, तशी आतली डाळ दिसली. डाळ कसली, पिठलं झालं होतं.

 आप्पा वरच्या तुळया मोजल्यागत बघत होते. अक्काताई एक लखलखीत ताटली पदरानं पुन्हा पुसत होत्या. आईनं पळीवर थोडं घेतलं, बोटांत धरलं. दाबायला काही उरलंच नव्हतं. तिनं ते जिभेवर ठेवलं आणि तिचं तोंड जरासं कसनुसं झालं. मला वाटलं, जीभ भाजली.

तिनं आप्पांकडं पाहिलं. मग अक्काताईंकडं. मग माझ्याकडं, आणि माझ्याकडं मात्र ती बराच वेळ बघत राहिली. 

“शिजली,” आई म्हणाली.

मी तिच्या गळ्यात पडले. तिच्या खांद्यावरून मला आप्पा दिसले. आयुष्यात पहिल्यांदा बक्षीस मिळालेल्या पोराचा असतो तसा चेहरा झाला होता त्यांचा.

“बघ,” ते म्हणाले. “मी म्हणतच होतो, या बाजूचं पाणी चांगलं असणार.”

“चांगलं?” आई माझी पाठ थोपटत म्हणाली. “आमच्या हिरण्यकेशीच्या पाण्यातसुद्धा डाळ एवढी शिजत न्हाई.”

“आमचं पाणी गोडच हाय,” अक्काताई म्हणाल्या आणि त्यांना जोराचा ठसका लागला.

अशा रीतीनं आम्ही सोनबर्डीला आलो. आप्पांच्या दुकानाची पाटी लागली, मी सकाळच्या गाडीनं कॉलेजला जाऊ लागले. आईनं पहिल्यांदा पुरण घातलं तेव्हा डाळ शिजली नाही. “डाळ जुनी असंल,” आई म्हणाली. दुसऱ्यांदाही शिजली नाही. “सरपण ओलं असंल,” आई म्हणाली. त्यानंतर कधी तरी आप्पांना सायकल चालवायची हौस आली. गुडघे मोकळे होतात म्हणे. आता नुसतं कशाला जायचं, म्हणून ते सायकलला दोन कॅन बांधून जायचे आणि ओढ्यापलीकडच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी भरून आणायचे. आईनं विचारलंच तर म्हणायचे, “नळाला दाब नव्हता आज. म्हटलं, तिकडूनच आणावं.” पोळ्यांची मागणी आली, की नेमका नळाचा दाब जायचा. बघता बघता सोनबर्डीतही पार्वतीकाकूंच्या पोळीचं नाव झालं आणि मी हे सगळं विसरून गेले. माझ्यापुढं इंजिनियरिंगचं गणित उभं होतं, मला कुठली डाळ आठवते.

दिवाळीनंतर केमिस्ट्रीच्या सरांनी सांगितलं, की ज्यानं त्यानं आपापल्या गावचं पाणी बाटलीत भरून आणायचं. पाणी किती जड आहे, म्हणजे त्यात क्षार किती, ते काढायचं होतं. लालसर पाण्यात वरून थेंब थेंब औषध सोडायचं आणि पाणी निळं झालं की थांबायचं; पाणी जितकं जड, तितके थेंब जास्त. सगळ्यांची पाणी निळी झाली. माझं लालच. मी थेंबामागून थेंब सोडते आहे, नळी रिकामी झाली, परत भरली, तरी पाणी ढिम्म. सर येऊन उभे राहिले.

“कुठलं हे पाणी? समुद्राचं?”

“सोनबर्डीचं, सर. नळाचं.”

वर्ग हसला. सर म्हणाले, “अहो, यात साबणाला फेस येणार नाही. डाळ तर जन्मात शिजायची नाही.”

मी पण हसले, आणि हसता हसता माझा हात नळीवरच थांबला. चुलीवर उतू जाणारा पिवळा फेस डोळ्यांपुढं आला.

घरी पोचले तेव्हा आई पुरणयंत्र फिरवत होती. दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी साखरपुड्याच्या पोळ्या होत्या. मी दप्तर टाकलं आणि उभ्या उभ्याच विचारलं, “आई, त्या दिवशी डाळ शिजली कशी?”

आईचा हात थांबला नाही. “आज कळलं व्हय कॉलेजात? मग चांगलं शिकवत्यात.”

“तुला माहीत होतं?”

“बये, माझं आयुष्य डाळ शिजवण्यात गेलं. खायचा सोडा घातल्याला मला कळणार न्हाई? फेसावरनंच कळलं. वर चव बघितली, तर साबण खाल्ल्यागत.”

“कुणी घातला?”

“तुझ्या आप्पांनी. पान खायला गेले आणि पुडी घेऊन आले. शिंप्याच्या बोटाला खडू असतो, पण त्या दिवशी दुकान कुठं उघडलं होतं?” आई आता हसायला लागली. “पण एका चिमटीत डाळीचं पिठलं होत न्हाई, रत्ना. मला कळंना, ह्यांनी अख्खी पुडी ओतली का काय. आठ दिवसांनी अक्काताई माझ्यापुढं येऊन रडाया लागल्या. म्हणाल्या, वहिनी, मी तुम्हाला फसवलं, लाकूड सारायला म्हणून आत गेले आणि डाळीत सोडा टाकला. पोरीचं तोंड बघवंना मला.”

मी मटकन पाटावर बसले. “दोघांनी?”

“दोघांनी. हिला ह्यांचं ठावं न्हाई, ह्यांना हिचं ठावं न्हाई. आपण एकट्यानंच केलं, म्हणून दोघंबी आपापल्या जागी खूश.”

“मग तू शिजली का म्हणालीस? तुझं पुरण…”

आईनं यंत्राला चिकटलेलं पुरण बोटानं निपटलं आणि माझ्या हातावर ठेवलं. मऊसूत, आजऱ्याला असायचं तसंच.

“मला भ्या वाटत होतं गं,” ती म्हणाली. “आजऱ्यात मला सगळी ओळखत होती. इथं येऊन पुरण बिघडलं तर मी कोण, असं वाटायचं. डाळीनंच न्हाई म्हणावं आणि माझ्यावरचं निभावून जावं, असंसुद्धा एकदा मनात आलं. लपवू कशाला. पण उभ्या जन्मात ह्यांनी माझ्यापास्नं काय लपवलं न्हवतं. तो माणूस तुझ्यासाठी खिशात सोडा घेऊन आला. आणि ज्या बाईनं तुला घटकाभर बघितलं, ती पण तेच करून बसली. मग मी एकटीच राहिले होते की नं. तुझी आई.”

 मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिच्या पदराला वेलदोड्याचा वास येत होता. गाडीत मी तिचा हात झटकला होता, तो हात आता माझ्या केसांतून फिरत होता, पुरणानं बरबटलेला.

बाहेर सायकलची घंटी वाजली. कॅन उंबऱ्याला आपटल्याचा आवाज आला. मी ताडकन उठून बसले.

“आई, आप्पांना सांगू या?”

“खुळी हायस काय?” आई हळू आवाजात म्हणाली. “मला ठाऊक हाय असं कळलं, तर ते पाणी आणायचं बंद करतील.”

आप्पा धापा टाकत आत आले. दोन्ही कॅन काठोकाठ भरलेले, धोतराचा काठ भिजलेला.

“आज उशीर झाला?” आईनं विचारलं.

“नळाला दाब नव्हता,” आप्पा म्हणाले. “म्हटलं, तिकडूनच आणावं.”

“बरं केलंत,” आई म्हणाली, आणि उठून तिनं त्यांच्या हातातला एक कॅन आपल्या हातात घेतला.